नऊ म्हणजे कोणी नाही

१

आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये नवं माणूस आलं की त्याला आधी चहा द्यायचा आणि मग आकडे पाठ करायला बसवायचं, अशी पद्धत होती. एक म्हणजे निघालो. दोन म्हणजे पोहोचलो. पाच म्हणजे पेशंट गाडीत घेतला, सहा म्हणजे पेशंट आता गाडीच्या कामाचा राहिला नाही. नऊ म्हणजे जागेवर कोणी नाही. हे आकडे इतके अंगवळणी पडले होते की घरीसुद्धा तेच चालायचे. मी कामावरून सुटताना धाकट्या बहिणीला नुसता ‘एक’ एवढाच मेसेज टाकायचे आणि ती चहाचं आधण ठेवायची.

मग वरून हुकूम आला की आकडे बंद, आता साध्या भाषेत बोलायचं. कारणही खरंच होतं. एका मोठ्या आगीत शेजारच्या शहरातल्या अ‍ॅम्ब्युलन्स आमच्या मदतीला आल्या, आणि त्यांचा सहा म्हणजे आमचा पाच निघाला. जिवंत माणसाच्या घरी काय निरोप गेला असेल तो गेला.

साधी भाषा शिकवायला एक प्रशिक्षक बाई आल्या. “जे दिसतं ते सांगा,” त्या रोज सांगायच्या. “शेजारच्या काकूंना कळेल असं सांगा.”

“बाई, शेजारच्या काकूंना सगळं आधीच कळलेलं असतं,” पहिलवान म्हणाला. पहिलवान म्हणजे गाडी तीनचा ड्रायव्हर. अंगाने काडी आहे, म्हणून पहिलवान.

सगळे हसले, मास्तर सोडून. मास्तर आमचे शिफ्टप्रमुख. इथल्या प्रत्येकाला आकडे त्यांनीच शिकवलेले, म्हणून मास्तर. ते मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते, आणि सगळ्या प्रशिक्षणात त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“नऊचं काय करायचं?”

“सोपं आहे,” बाई म्हणाल्या. “‘जागेवर कोणी नाही’ म्हणायचं. आणि आत काय दिसलं ते थोडक्यात सांगायचं.”

“आत?” मास्तर म्हणाले. बाईंनी मान डोलावली. मास्तर उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. जुन्या माणसाला नवं पचत नाही, असं वाटून मी ते सोडून दिलं.

२

आमच्याकडे मुके फोन येतात. पलीकडून कोणी बोलत नाही, नुसता पत्ता स्क्रीनवर उमटतो. कधी लहान मूल खेळत असतं, कधी खिशातल्या फोनचं बटण दाबलं जातं. तरी गाडी पाठवावी लागते, कारण एखाद्याची खरंच वाचा गेलेली असू शकते. बहुतेकदा गाडी जायची, रेडिओवर ‘नऊ’ यायचं, मी ‘परत’ म्हणायचे आणि विषय संपायचा. इतक्या वर्षांत त्या नऊच्या पलीकडे काय असतं हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, आणि मी तर दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे हेही विचारल्याशिवाय न राहणारी बाई आहे.

साध्या भाषेतला पहिला मुका फोन गाडी आठकडे गेला. तिच्यावर नवरदेव असतो. लग्नाला वर्षं झाली, पण अजूनही स्ट्रेचर उचलण्याआधी भांग नीट करतो.

“कंट्रोल, जागेवर कोणी नाही,” तो म्हणाला आणि वर्गात उभं केल्यासारखा गप्प झाला.

“काय दिसतंय ते सांग.”

“दार उघडं होतं. एक खोली आहे. टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत. खिडकीला पिवळा पडदा. टेबलावर कपात चहा आहे.”

“गरम की गार?” हे विचारायची काही गरज नव्हती, पण मला राहवेना.

त्याच्या बुटांचा आवाज आला. “गरम आहे. वाफ येतेय. आतल्या बाजूला एक दार आहे, बंद. तिकडे नळ चालू होता, आत्ताच कोणीतरी बंद केला. मी हाका मारल्या, पण ओ नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “कंट्रोल, हसू नका. पण मी आत पाऊल टाकलं ना, तेव्हा कोणीतरी बोलता बोलता गप्प झाल्यासारखं वाटलं.”

मी हसले आणि त्याला परत बोलावलं. माणूस शेजारी गेला असेल, चहा ओतून ठेवून गेला असेल, शंभर कारणं असू शकतात.

३

माझी धाकटी बहीण गाडी तीनवर असते. रक्त थांबवणं, ऑक्सिजन लावणं ही तिची कामं. घरात तिला भुंगा म्हणतात, कारण लहानपणापासून तिची प्रश्नांची भुणभुण कानाशी चालू असते. हे का, ते का नाही, असंच का. आई कंटाळून म्हणायची, जा, ताईला विचार. आई गेल्यावर आम्ही दोघीच उरलो आणि भुंग्याचे सगळे प्रश्न माझ्या वाट्याला आले. मला ते आवडतं. तिच्या बडबडीशिवाय मला घरात जेवण जात नाही.

त्याच आठवड्यात दुपारी एक मुका फोन आला, शहराच्या दुसऱ्या टोकाचा. नवी इमारत, वरचा मजला. गाडी तीन गेली.

“कंट्रोल, जागेवर कोणी नाही,” भुंगा म्हणाली. रेडिओवर ती मला ताई म्हणत नाही, तेवढी शिस्त आहे. “एक खोली, टेबल, दोन खुर्च्या, पिवळा पडदा. कपात चहा आहे, गरम. आत बंद दार. नळाचा आवाज येत होता, मी आले तसा थांबला. आणि कोणीतरी बोलत होतं का गं इथे?”

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. नवरदेव गेला होता ती खोली जुन्या इमारतीतली, तळमजल्यावरची, स्टेशनामागची. मी दोन्ही खोल्या मनात शेजारी ठेवून पाहिल्या. भाड्याच्या खोल्या सगळ्या सारख्याच असतात, घरमालक एकाच दुकानातून सामान आणतात. पण चहा?

“एक काम कर,” मी म्हणाले. “एक खुर्ची उलटी करून ठेव. टेबलावर, पाय वर करून.”

“का?”

“घरी सांगते.”

खुर्ची सरकल्याचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये स्पष्ट आला. तिने कारण पुन्हा विचारलं नाही; नवरदेवाने सांगितलेली खोली तिनेही गाडीतल्या रेडिओवर ऐकली असणार.

४

पुढचा मुका फोन कारखान्यांच्या भागातून आला आणि गाडी आठ गेली.

“जागेवर कोणी नाही,” नवरदेव म्हणाला. “मागच्यासारखीच खोली. पिवळा पडदा, गरम चहा. एक खुर्ची टेबलावर उलटी घालून ठेवलीय. झाडू मारायला ठेवतात ना, तशी.”

खरं म्हणजे मी तेव्हा घाबरायला हवं होतं. पण मला लहान मुलासारखा आनंद झाला. संध्याकाळी भुंग्याला सांगितलं तर ती ताटावरून उठून घरभर फिरायला लागली.

“म्हणजे खोली एकच आहे! पत्ते वेगळे आणि खोली एकच. ताई, चहा कोण करतं? आणि नळ? आतल्या दारामागे काय असेल? कोणी उघडलंय का ते?”

“कोणीतरी चेष्टा करतंय,” मी म्हणाले. माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. “कुणालातरी आपल्या गाड्या कुठे जातात ते कळतं, आणि तो पुढे जाऊन सामान मांडून ठेवतो.”

“पिवळ्या पडद्यासकट? कशासाठी?”

“लोकांना उद्योग कमी असतात का?”

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत, नुसते खुर्चीत मागे टेकले.

“नऊ म्हणजे नुसतं ‘कोणी नाही’ असं नव्हतं, पोरी. नऊ म्हणजे उंबरठ्यावरून बघायचं आणि परत फिरायचं. आत पाय टाकायचा नाही. मुक्या फोनला आत जायची वेळ येऊच नये, म्हणून तर एका आकड्यात भागवायचो. माझ्या साहेबांनी मला तसं शिकवलं, मी तुम्हाला नुसता आकडा शिकवला.”

“पण का?”

“मी विचारलं नाही,” मास्तर म्हणाले. “त्यांनी सांगितलं असतं असंही वाटत नाही.”

“आणि कोणी माणूस खरंच आत पडलेला असला तर?”

“तो हाकेला ओ देतो. कण्हतो, दार वाजवतो. जे घर तुला बघून गप्प बसतं, तिथून आपण निघायचं.”

हे मी भुंग्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. आत जायचं नाही, असं बजावून सांगितलं. तिने मान डोलावली आणि विचारलं, “पण त्यांच्या साहेबांना कोणी सांगितलं असेल गं?”

५

एका सकाळी, चांगलं ऊन पडलेलं असताना, मुका फोन आला आणि जवळ फक्त गाडी तीन होती. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. मी पाठवताना म्हणाले, “उंबरठ्यावरूनच बघा.”

“बरं,” भुंगा म्हणाली. मग थोड्या वेळाने, “कंट्रोल, जागेवर कोणी नाही. तीच खोली. खुर्ची कोणीतरी सरळ करून ठेवलीय.” तिचा आवाज बदलला. “ताई, आतलं दार आज उघडं आहे.”

“परत ये.”

“फटीतून दिसतंय. दोन पावलांवर आहे, आत्ता येते.”

“भुंग्या, परत ये म्हणते ना!”

“आत तशीच खोली आहे. टेबल, दोन खुर्च्या, पिवळा पडदा. चहा पण आहे.” ती बाईंनी शिकवल्यासारखं नीट, सावकाश सांगत होती. “तिच्यापलीकडे अजून एक दार आहे. तिकडे कोणीतरी बोलतंय. एक बाई आहे.” मग ती हसली. “ताई, तू आहेस होय? तूच बोलतेयस ना?”

मी बोलत नव्हते. मी दोन्ही हातांनी टेबल धरून बसले होते.

“बरं, आले,” भुंगा म्हणाली, पण मला नाही. त्यानंतर रेडिओवर नुसती खरखर राहिली.

पहिलवान खाली गाडीत होता. मी ओरडले तसा तो जिने चढत गेला. त्याला दिसला तो रिकामा फ्लॅट. पडदा नाही, टेबल नाही, फरशीवर धूळ, आणि धुळीत भुंग्याच्या बुटांचे ठसे खोलीच्या मध्यापर्यंत गेलेले. आत एक स्वयंपाकघर होतं आणि त्याला दुसरं दार नव्हतं. पहिलवान रेडिओवर रडायला लागला. मला रडूही येईना.

६

पोलीस आले. त्यांनी इमारत वरून खालपर्यंत पालथी घातली. प्रत्येकाने मला तेच तेच विचारलं आणि मी तेच तेच सांगितलं, फक्त तिने तिकडे माझा आवाज ऐकला, एवढं सोडून. मास्तर माझ्या शेजारी बसून राहिले. घरी जा, असं मला कोणीही म्हटलं नाही. बरं झालं, कारण भुणभुण नसलेल्या त्या घरात मी काय करणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुका फोन आला. मास्तरांनी नको म्हणून हात वर केला. मी गाडी आठ पाठवली.

“कंट्रोल!” नवरदेव ओरडला. “भुंगा इथे आहे! टेबलाशी बसून चहा पितेय. ठीक आहे, काही लागलेलं नाही!”

“आण तिला,” मी म्हणाले आणि मग मात्र हुंदके आवरेनात. सगळी कंट्रोल रूम टाळ्या वाजवत होती. ती गाडीतून उतरली तेव्हा मी तिला इतकं घट्ट धरलं की ती “ताई, दुखतंय,” म्हणाली. डोळा लागला होता, एवढंच तिने सांगितलं. मास्तर दारात उभे होते. ते पुढे आले नाहीत.

७

त्यानंतरचे दिवस मी सुखात होते, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि धक्का बसलाय म्हणून रजा दिली. ती घरी राहायची, सगळं आवरून ठेवायची. मी दमून आले की माझे पाय चेपायची. हे तिने जन्मात कधी केलं नव्हतं. मीच थट्टा करायचे, की खोली चांगली निघाली, वळण लावून पाठवलं.

आमच्या शिफ्टपुरता मास्तरांनी नियम केला की मुक्या फोनला उंबरठ्यावरून बघायचं, दिसतं ते तिथूनच सांगायचं आणि फिरायचं. प्रशिक्षक बाईंना कळवलंच नाही.

एका रात्री जेवताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मीठ बरोबर होतं, पंखा चालू होता. बराच वेळ ते ध्यानात येईना. मग आलं, आणि घास तोंडातच फिरला. आमच्याकडे शांतता होती. ती परत आल्यापासून तिने मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

“आज कामावर गंमतच झाली,” मी मुद्दाम म्हणाले आणि थांबले.

ती हसली. वाट बघत राहिली. पूर्वी मला श्वास घेऊ दिला नसता तिने. धक्का बसलेली माणसं बदलतात, हे मला कामामुळे चांगलं माहीत आहे. कोणी बोलायचं थांबतं, कोणी गायला लागतं. मी स्वतःला हेच सांगितलं आणि तिच्या ताटात अजून वाढलं. तिने सगळं संपवलं.

८

परवा ती माझा विसरलेला चष्मा घेऊन कंट्रोल रूममध्ये आली. सगळ्यांनी तिची चौकशी केली. ती भिंतीजवळच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून बसली, ‘तू सुटेपर्यंत थांबते’ म्हणाली. बाहेर लख्ख दुपार होती.

मुका फोन आला. गाडी आठ गेली.

“कंट्रोल,” नवरदेव म्हणाला. “मी उंबरठ्यावर आहे. आत पाय टाकलेला नाही. दिसतं ते सांगायचं ना?”

“सांग.”

“भुंगा आहे. आतल्या दाराशी बसलीय, जमिनीवर. युनिफॉर्म मळलाय. ओठ फुटलेत.”

मी मान वळवून बाकाकडे पाहिलं. ती तिथे होती. माझ्याकडे बघून हसली. मास्तरांच्या कानालाही हेडफोन होता आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“परत बोलव त्याला,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुझी बहीण तुझ्यापाशी आहे. तिकडे काहीही असो.”

“ती बोलते का?” मी रेडिओवर विचारलं.

“थांबतच नाही!” नवरदेवाचा आवाज फाटला. “ताई कुठाय विचारतेय. मला शोधायला कोणी का आलं नाही, विचारतेय. पहिलवानाला ओरडा बसला का? खुर्ची कोणी सरळ केली? तुम्ही दारातच का उभे आहात? ताई जेवतेय ना नीट? कंट्रोल, मी काय करू? साध्या भाषेत सांगा.”

मास्तरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ते काही वाईट सांगत नव्हते. जे गप्प बसतं तिथून निघायचं, असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि ही गप्प बसत नव्हती. किंवा त्या खोलीने तेवढं शिकून घेतलं असेल, माझ्याच आवाजात बोलायला शिकली होती तशी. मला दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या वाटत होत्या. आणि त्या प्रश्नांसाठी मी किती भुकेली होते, ते मला तेव्हा कळलं.

“आण तिला,” मी म्हणाले.

मास्तरांनी हात काढून घेतला. बाकावरून ती उठली. तिच्या कानाला हेडफोन नव्हता, तरी ती सरळ खिडकीपाशी गेली आणि खालच्या आवाराकडे बघत उभी राहिली. मीही तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. दुसरं कुठे उभं राहायचं, ते मला सुचेना.

गाडी आठ सायरन न वाजवता फाटकातून आत आली. नवरदेव उतरला, मागे गेला आणि कडीवर हात ठेवून थांबला. वर आमच्या खिडकीकडे त्याने पाहिलं. आम्हा दोघींना बघून त्याने नजर खाली वळवली. मागच्या काचेला आतून कोणीतरी तळवा टेकवला होता.

शेजारच्या तिने माझा हात धरला.

“ताई,” ती म्हणाली, “मी इथेच राहू ना?”

खाली कडी निघाली. तिचा हात गरम होता, अगदी माणसाच्या हातासारखा गरम. मी तो सोडवून घेतला नाही.